घाटात ट्रकचा पिकअप (ओढायची ताकद) पडतो, थोडं थांबलं की गाडी पुन्हा ओढते: सुरुवात कुठून करायची

चिपळूणकडून येताना पोफळी मागे पडली की कुंभार्ली घाटाचा खरा चढ लागतो. पहिली काही वळणं गाडी नीट घेते. मग रेस पूर्ण दाबलेली असूनही इंजिनाचा आवाज हळूहळू बसायला लागतो. चौथा गिअर, तिसरा, दुसरा, आणि शेवटी मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत बाजूला घ्यावी लागते. काळा धूर नाही, पांढरा धूर नाही. टेम्परेचरचा काटा जागेवर, ऑईल प्रेशर जागेवर. ड्रायव्हर चाकाला दगड लावतो, तंबाखू मळतो, पंधरा मिनिटांनी सेल मारतो आणि गाडी काही झालंच नव्हतं अशी चढून हेळवाकला पोचते.

कराडजवळ हायवेलगत माझं गॅरेज आहे. ही तक्रार माझ्याकडे दर पावसाळ्यात आणि दर ऊस हंगामात येते. येते तेव्हा बहुतेक वेळा गाडी आधी दोन-तीन ठिकाणी फिरून आलेली असते आणि मालकाच्या हातात बिलांची फाईल असते.

ज्या गाडीमुळे हे लिहायला बसलो ती बारा टायरची, बीएस-सहा (प्रदूषणाच्या नव्या नियमांची), सहा सिलिंडर, अडीचशे एचपीच्या आसपासची. लोटे परशुरामहून केमिकलचे ड्रम भरून सांगली बाजूला जायची. सहा महिन्यांत तिला डिझेल फिल्टरचे तीन सेट पडले होते, टर्बो नवा बसला होता, सहाही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) डिझेल पंप दुरुस्तीवाल्याकडे जाऊन आले होते आणि त्यातले दोन बदलले होते. फाईलमधली बेरीज सव्वा लाखाच्या वर. प्रत्येक कामानंतर गाडी आठ-दहा दिवस बरी चालायची आणि मग पुन्हा घाटात बसायची.

ड्रायव्हर मामा पन्नाशीचे. म्हणाले, "मिस्त्री, समदं बदाललं बगा. आता हिंजन बदलायचं तेवढं ऱ्हायलंय."

मी त्यांना एकच विचारलं: "मामा, बसते कशी ते राहू द्या. बरी कशी होते ते सांगा."

बरी कशी होते, हा प्रश्न का

पिकअप पडायची कारणं मोजायला बसलो तर वीस निघतील. पण पडलेला पिकअप परत कसा येतो याचे प्रकार चारच. त्यावरून अर्धं काम होतं, तेही पाना न लावता.

गाडी नुसती उभी केली, काही मिनिटं गेली आणि ती बरी झाली, तर पहिला संशय डिझेलच्या पुरवठ्यावर, त्यातही टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) या ओढीच्या भागावर. किल्ली बंद-चालू केल्याबरोबर लगेच बरी झाली तर ईसीयूने (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरने) स्वतःहून ताकद कमी केली होती. तिथे स्कॅनरशिवाय हात घालू नका. बॉनेटखालची आग निवल्यावर, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाने बरी होत असेल तर उष्णतेचा मामला. आणि कशानेच बरी होत नसेल, सपाटीवरही थोडी मंदच वाटत असेल, तर हवेची गळती, तुंबलेला एअर फिल्टर, तुंबलेला सायलेन्सर किंवा खरोखरच थकलेलं इंजिन.

मामांचं उत्तर पहिल्या प्रकारात बसत होतं. वर त्यांनी एक गोष्ट सांगितली जी आधी कोणी विचारलीच नव्हती: "टाकी फुल्ल केली की जास्ती तरास देती." यावरून मालकाने चिपळूणच्या ज्या पंपावर टाकी भरायचे त्या पंपाच्या डिझेललाच दोष देऊन पंप बदलला होता. फरक पडला नव्हता.

घाटातच का, सपाटीवर का नाही

अडीचशे एचपीचं इंजिन पूर्ण ताकदीने चाललं की तासाला ४० ते ४५ लिटर डिझेल जाळतं. तेच इंजिन सपाटीवर पन्नासच्या वेगाने १२ ते १५ लिटरमध्ये भागवतं. फीड पंप गरजेपेक्षा कितीतरी जास्त डिझेल ओढत असतो आणि उरलेलं ओव्हरफ्लोने टाकीत परत जातं. त्यामुळे पुरवठा निम्म्यावर आला तरी सपाटीवर कुणाला पत्ता लागत नाही, परत जाणारं डिझेल कमी होतं एवढंच. घाटात परत जायला काही उरतच नाही. ईसीयू रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या जाड नळीत) पंधराशे-सोळाशे बार मागतो, भरतात हजार-बाराशे, आणि मग तो इंजेक्टरचा हात आखडता घेतो. स्कॅनरवर पी ००८७ किंवा एसपीएन १५७ असा रेल प्रेशर कमी असल्याचा कोड पडतो.

इथेच फाईल जाड व्हायला सुरुवात होते. कोड म्हणतो प्रेशर कमी, म्हणून हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टर उतरतात. पंपाला वर डिझेलच पोचत नसेल तर त्याने प्रेशर करायचं कशाचं? कोड तक्रार सांगतो, आरोपी सांगत नाही.

ओढीच्या नळीची आणखी एक खोड आहे. दाबाची नळी फुटली की डिझेल बाहेर येतं, खाली थारोळं होतं, आंधळ्यालाही कळतं. ओढीच्या नळीला चीर पडली तर हवा आत जाते आणि बाहेर एक थेंब दिसत नाही. नळी कोरडी, क्लिप कोरडी, सगळं ठणठणीत, आणि इंजिन मात्र बुडबुडे पितंय.

पहिली तपासणी, आणि माझी चूक

गाडी लोडसकट मागवली होती. रिकामी गाडी आणून "पिकअप बघा" म्हणणाऱ्यांना मी परत पाठवतो. पाटण रोडला एक फेरी मारली, चढावर रेस दाबून धरली, ती बसायला लागल्याबरोबर बाजूला घेतली आणि खाली उतरून पहिलं काम केलं ते टाकीचं झाकण उघडायचं.

फुस्सऽऽ आवाज आला. हवा आत शिरल्याचा. आणि प्लॅस्टिकच्या टाकीच्या पोटाला पडलेला खळगा डबा वाजावा तसा टणकन बाहेर आला.

झाकणाला श्वास घ्यायची वाटच नव्हती. टाकीतून जेवढं डिझेल जातं तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर आत व्हॅक्यूम तयार होतं आणि फीड पंपाला त्याच्याशी कुस्ती खेळावी लागते. टाकी फुल असताना त्रास जास्त का, याचंही उत्तर यातच होतं. भरलेल्या टाकीत वर हवेची जागा पंचवीस-तीस लिटरची. घाटात दहा मिनिटांत सात-साडेसात लिटर डिझेल जातं. तेवढीशी हवा तेवढ्याने ताणली गेली की तिचा दाब पाचवा हिस्सा तरी उतरतो, म्हणजे जवळजवळ दीडशे मिलिमीटर पाऱ्याचं व्हॅक्यूम. टाकी अर्धी असती तर तेच सात लिटर दीडशे लिटर हवेत विरून गेले असते.

वाट असलेलं झाकण बसवलं, पुन्हा फेरी मारली, गाडी सणसणीत चढली. मी खूश, मालक त्याहून खूश. खर्च चारशे रुपयांच्या आत.

अकराव्या दिवशी फोन आला. कुंभार्लीतच, पुन्हा.

खरं सांगायचं तर मी आधी विश्वासच ठेवला नाही. फोनवर विचारलं, "झाकण बदललं का कोणी?" नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी गाडी दारात आली तेव्हा मामांनी सांगितलं की आता पंधरा मिनिटं थांबावं लागत नाही. इंजिन बंद करून लगेच चालू केलं तरी चालते. आणि आता टाकी फुल असो की अर्धी, फरक नाही.

बरी व्हायची पद्धत बदलली होती. म्हणजे रोग दुसरा होता. पहिल्या फेरीत एक कारण सापडल्यावर मी हात झटकले होते. त्याच्या मागे दुसरं दडलेलं असू शकतं हे बघितलं नव्हतं.

गेज लावल्याशिवाय आता मी हात लावत नाही

यावेळी स्कॅनर लावला. रेल प्रेशर मागितलेलं आणि मिळालेलं, दोन्ही एका पडद्यावर. कोड जुनाच. किल्ली फिरवल्याने बरी होत असली तरी ईसीयूने मुद्दाम ताकद काढल्याची नोंद नव्हती. शिवाय किल्ली बंद केली की इंजिनही थांबतंच. तेव्हा किल्लीने बरी झाली की इंजिन थांबल्याने, हे नोंदी बघूनच वेगळं काढावं लागतं.

मग साधी हत्यारं काढली. एक व्हॅक्यूम गेज (ओढायला किती जोर पडतो ते दाखवणारा काटा) आणि हातभर पारदर्शक नळी. पारदर्शक नळीचा तुकडा प्री-फिल्टर आणि फीड पंप यांच्यामध्ये घातला. इंजिन चालू असताना त्यात अधूनमधून मोहरीएवढा बुडबुडा दिसला तर मी काळजी करत नाही. सलग फेस दिसला तर कुठेतरी हवा शिरतेय. इथे फेस नव्हता. म्हणजे नळ्या आणि वॉशर सुटले.

गेज लावायची जागा महत्त्वाची. प्री-फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला लावलं तर टाकी आणि नळीचं अडवणं कळतं. पलीकडे लावलं तर फिल्टरचंही त्यात मिसळतं. आधी पलीकडे लावा, जास्त आलं तर अलीकडे सरका. बहुतेक इंजिनांना फीड पंपाच्या तोंडाशी दीडशे ते अडीचशे मिलिमीटर पाऱ्याच्या आतलंच व्हॅक्यूम चालतं. नेमका आकडा त्या इंजिनाच्या सर्व्हिस पुस्तकात असतो, तोच धरावा.

गेजची बारीक नळी लांब घेऊन खिडकीतून केबिनमध्ये आणली आणि मी मामांशेजारी बसलो. रिकाम्या रेसवर काटा ऐंशीवर. चढाला लागलो, शंभर, एकशे वीस. आणि एका वळणावर कुणी हाताने ढकलावा तसा काटा एकदम चारशेच्या पुढे गेला आणि तिथेच खिळला. इंजिन बसलं. बंद केलं, काटा शून्यावर. चालू केलं, पुन्हा ऐंशी.

फिल्टर तुंबला असता तर काटा हळूहळू चढला असता. एकदम चढणं म्हणजे काहीतरी येऊन तोंडाला चिकटणं.

टाकी उतरवली, सेंडर युनिट (डिझेलची पातळी मोजणारा भाग) काढलं आणि बॅटरीच्या उजेडात आत बघितलं. तळाशी, ओढीच्या नळीपासून चार बोटांवर, तळहाताएवढा प्लॅस्टिकचा तुकडा पडला होता. पातळ पिशवीचा. पाण्यावर ही पिशवी तरंगते, पण डिझेल पाण्यापेक्षा बरंच हलकं, त्यात ती बुडते आणि नेमकी ओढीच्या तोंडाशी जाऊन बसते. सपाटीवर बाजूला पडून राहायची. घाटात टाकी तिरकी, ओढ पूर्ण, डिझेल हिंदकळतंय, ती उठून जाळीला चिकटायची. इंजिन बंद झालं की ओढ गेली, तुकडा गळून तळाशी.

मामांनी तो तुकडा बघितला आणि डोक्याला हात लावला. सहा-सात महिन्यांपूर्वी टाकीचं झाकण चोरीला गेलं होतं. नवं मिळेपर्यंत दोन दिवस टाकीच्या तोंडाला पिशवी आणि वर ट्यूबची रबरपट्टी बांधून गाडी चालवली होती. मग वाटेतल्या एका दुकानातून मिळेल ते झाकण घेतलं, बिनश्वासाचं. दोन्ही आजार एकाच आठवड्यात जन्मले होते.

तुम्हाला गेज मिळत नसेल तर जुना उपाय आहे: स्वच्छ कॅनमध्ये गाळलेलं डिझेल घेऊन ओढीची नळी टाकीऐवजी कॅनमध्ये सोडायची आणि चढावर थोडी फेरी मारायची. गाडी नीट चढली तर दोष टाकीत किंवा टाकीकडच्या नळीत. मात्र परतीची नळीही कॅनमध्येच सोडा, नाहीतर वीस लिटरचा कॅन पाहता पाहता टाकीत रिकामा होईल. कॅन केबिनमध्ये ठेवायचा नाही, सायलेन्सरच्या बाजूला बांधायचा नाही, आणि ही फेरी भर रहदारीच्या घाटात करायची नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. जुन्या पंपाच्या गाड्यांवर कोणतं सिलिंडर मेलंय हे बघायला आपण चालू इंजिनाचे नोझल पाईप ढिले करायचो. कॉमन रेलवर (एकाच रेलमधून सगळ्या इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या नव्या गाड्यांवर) हे करू नका. सोळाशे बारची धार कातडीच्या आत डिझेल घुसवते. जखम सुईएवढी दिसते आणि बोट, हात गमावायची वेळ येते. कोणतं सिलिंडर कमी पडतंय ते स्कॅनर सांगतो.

कशानेच बरी होत नसेल तर

अशा गाड्यांत माझा पहिला हात इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजवर जातो. टर्बो जी हवा दीड-दोन बारने दाबतो ती या रबरी होजमधून जाते. इंजिन माउंटिंग बसलेलं असेल तर इंजिन लोडवर हलतं, होज ब्रॅकेटला घासतो आणि खालच्या अंगाला, जिथे कुणी बघत नाही तिथे, चीर पडते. उभ्या गाडीत चीर मिटलेली असते. घाटात दाब आला की ओठासारखी उघडते. तोंडं बंद करून आत दोन बार हवा भरायची, साबणाचं पाणी लावायचं आणि घड्याळ बघायचं. पंधरा सेकंदांत एक तृतीयांश बारपेक्षा जास्त उतरलं तर गळती शोधा. होज बदलताना माउंटिंगही बघा, नाहीतर तीन महिन्यांनी नवा होज तिथेच फाटेल.

बीएस-तीन, बीएस-चारच्या जमान्यात ही गळती सोपी होती. हवा कमी, डिझेल तेवढंच, मागून काळ्या धुराचे लोट. ड्रायव्हर फोनवरच सांगायचा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आल्यावर हा साक्षीदार गेला. काजळी डीपीएफमध्ये (धुराच्या वाटेतल्या गाळणीत) अडकते, सायलेन्सरच्या तोंडाशी बोट फिरवलं तरी स्वच्छ. मग होतं असं की फुटलेला होज तसाच राहतो, डीपीएफ वरचेवर भरतो, रिजनरेशनचा (साठलेली काजळी जाळायचा) दिवा दर दोन दिवसांनी पेटतो आणि शिव्या डीपीएफला बसतात. मी अशा दोन गाड्या बघितल्यात ज्यांचा डीपीएफ काढून साफ करून आणला होता, दोनदा, आणि दोष होता साडेतीनशे रुपयांच्या क्लिपमध्ये. डीपीएफ लवकर भरायला लागला की त्याला धुण्याआधी विचारा, एवढी काजळी येते कुठून?

डीपीएफची तब्येत मुख्यतः गाडी कशी चालते यावर आहे. लांब पल्ल्याला लोडवर चालणारी गाडी धुराच्या उष्णतेने बरीचशी काजळी चालता चालता जाळते. ऊस कारखान्याच्या गव्हाणीपुढे नंबर लावून दहा-दहा फूट सरकणारी, तासन् तास आयडलवर धडधडणारी गाडी ती जाळू शकत नाही. मग ईसीयू जादा डिझेल सोडून तिथलं तापमान साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत नेतो आणि काजळी जाळतो. हे चालू असताना दर वेळी किल्ली बंद केली की काम अर्धवट राहतं, शिवाय न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑईलमध्ये उतरतं. ऑईलची पट्टी काढल्यावर लेव्हल वाढलेली दिसली तर "इंजिन ऑईल खात नाही" म्हणून पेढे वाटू नका. ते डिझेल आहे. पातळ झालेलं ऑईल आधी बेअरिंग खातं.

काजळी जळते, राख जळत नाही. राख ऑईलमधल्या रसायनांची असते. बीएस-सहा गाडीला सीके-४ दर्जाचं किंवा कंपनीने सांगितलेलं कमी राखेचंच ऑईल घाला. घरातल्या जुन्या गाडीसाठी आणलेला सीआय-४चा डबा उरलाय म्हणून तो हिच्यात ओतणारे मालक मला दर महिन्याला भेटतात.

आणि युरिया. सांगायची लाज वाटते, पण सांगतो. डीईएफ (धुरातले विषारी वायू कमी करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रव) म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि शुद्ध केलेलं पाणी. काहीजण शेतातलं पोतं फोडून बोअरच्या पाण्यात कालवतात आणि टाकीत ओततात. २०१५ पासून आपल्याकडचा शेतीचा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा हात दिलेला असतो. पिकाला ते चांगलं, पण एससीआरच्या (डीईएफ फवारून धूर साफ करणाऱ्या यंत्रणेच्या) इंजेक्टरला आणि कॅटलिस्टला विष. बोअरच्या पाण्यातला क्षार वेगळाच. पांढऱ्या खड्यांनी तोंड बुजतं, सेन्सर ओरडतो, ईसीयू ताकद काढून घेतो आणि ऐकलं नाहीत तर गाडी शेवटी सरपटवतो. वीस लिटरच्या कॅनमागे वाचवलेले पैसे मग लाखात परत करावे लागतात. सगळं काढून टाकून सॉफ्टवेअर बदलून देतो म्हणणारेही हायवेवर बसलेत. ते बेकायदा आहे, माझ्याकडे ते काम होत नाही, आणि ज्या गाड्यांचं केलेलं आहे त्यांच्या पिकअपची तक्रार मी घेत नाही, कारण मग आकडे कशाशी ताडून बघायचे तेच कळत नाही.

थंड झाल्यावर बरी होणाऱ्या गाड्या

या आमच्या भागात डिसेंबर ते मार्चमध्ये जास्त. उसाचं पाचट. पुढून रेडिएटर बघितला तर चकाचक असतो, कारण पुढे दिसतो तो इंटरकूलर. पाचट आणि धूळ बसते ती इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत, वाकळेसारखी. इंटरकूलरचे बोल्ट काढून पुढे कलवल्याशिवाय ती दिसत नाही. हवा मारायची ती इंजिनाच्या बाजूने बाहेर, आणि पाण्याचा प्रेशर पंप जवळून मारून पात्या वाकवायच्या नाहीत. त्यानंतरही तापत असेल तर पंख्याचा व्हिस्कस क्लच (गरम झाल्यावर पंख्याला इंजिनाशी जोडणारा भाग) बघा: गरम इंजिन बंद केल्यावर पंखा हाताला गोल गोल मोकळा फिरत राहिला तर तो गेलाय.

फिल्टर आणि पावसाळा

कोकणात जून ते सप्टेंबर रात्री अर्ध्या टाकीवर गाडी उभी केली की टाकीत दव धरतं, ते पाणी तळाशी जातं आणि डिझेल-पाण्याच्या सीमेवर काळा बुळबुळीत थर वाढतो. त्या दिवसांत मुक्कामाला टाकी भरून ठेवा आणि वॉटर सेपरेटर रोज सकाळी सेल मारण्याआधी सोडा. इंजिन चालू झाल्यावर पाणी पुन्हा डिझेलमध्ये घुसळलं जातं.

मुख्य फिल्टर बदलताना त्यात बाटलीने डिझेल भरून बसवायची जुनी सवय कॉमन रेलवर सोडून द्या. मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल गाळलेल्या बाजूला जातं, त्यातला कण थेट हाय प्रेशर पंपात. कोरडा बसवा आणि हातपंपाने भरा. पाच मिनिटं जास्त लागतात, पंजा दुखतो, हरकत नाही. बँजोचे (नळीच्या जोडाच्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर दर वेळी नवे. जुना उलटा करून बसवला की ओढीच्या बाजूला हवा घेतो, आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

पिशवीवाल्या गाडीचं पुढे काही झालं नाही. टाकी धुऊन, प्री-फिल्टर बदलून दिली. क्लच प्लेटला आली तेव्हा मालकाने आधीच्या कामात उतरवलेला जुना टर्बो गोणीत घालून आणला होता, भंगारात द्यायचा का म्हणून विचारायला. शाफ्ट हलवून बघितला, पात्यांवर ओरखडा नाही, ऑईलची गळती नाही. तो आता त्यांच्याच दुसऱ्या गाडीवर चालतोय.